आकडा वाढतोय, पण गळती थांबत नाही: पेल्विक फ्लोअरचं बायोफीडबॅक उपकरण घरी कसं वापरायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, दोन नॉर्मल बाळंतपणं, दुसऱ्या वेळी टाके पडले होते. खोकला-शिंक आली, घाईने जिना उतरला किंवा दोरीवरच्या उड्या मारल्या की लघवीचे थेंब जातात. मोबाइलच्या अ‍ॅपला जोडणारं, योनीत बसवायचं सिलिकॉनचं उपकरण दोन महिने रोज वापरलं. अ‍ॅपमधला आकडा १८ वरून ४१ वर गेला, गळती मात्र जवळपास तेवढीच राहिली. आता चांगलं उपकरण घ्यावं, की व्यायाम वाढवावा?

इतक्यात दोन्ही नको. आधी घरीच एक साधी तपासणी करा. उपकरण नेहमीसारखं बसवा, अ‍ॅप चालू करा आणि खालचं काहीही न आवळता एकदा जोरात खोका. रेघ झटकन वर जाईल, बहुधा तुमच्या ४१ च्याही वर. ती खाली आली की पुन्हा काही न आवळता, शौचाला कुंथतात तसा अगदी हलका जोर लावा. रेघ परत चढेल. बायोफीडबॅक म्हणजे स्नायू काय करतोय ते लगेच आकड्यात किंवा रेघेत दाखवणं, आणि त्यासाठी हे उपकरण दाब मोजतं. तो दाब स्नायूंनी बाजूंनी आवळल्यामुळे आला की पोटातून खाली ढकलल्यामुळे आला, हे त्याला कळत नाही. काही उपकरणांत दोन सेन्सर असतात आणि हा फरक ती थोडाफार ओळखतात, पण डोळे झाकून विश्वास त्यांच्यावरही ठेवू नका. दोन महिन्यांत आकडा दुपटीहून वाढला आणि थेंब जायचे थांबले नाहीत, तर पहिली शंका हीच घ्यायची: आवळण्यात कुंथणं मिसळलंय का? दुसरी शंका: ताकद आली, पण ती वेळेवर वापरली जात नाहीये का? पहिल्या शंकेचं निरसन झाल्याशिवाय व्यायाम वाढवू नका, कारण कुंथण्याचा सराव दिवसातून तीन वेळा केला तर गळती वाढते आणि अंग खाली येण्याचा त्रास असेल तर तोही वाढतो.

पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, हे स्नायू पुढच्या जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय या झोळीवर विसावलेले असतात, आणि लघवीची नळी, योनी व गुदद्वार तिच्यातून खाली येतात. स्नायू नीट आकुंचन पावले की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. ही तिन्ही तोंडं आवळली जातात आणि सगळी झोळी वर व पुढे, म्हणजे जघनाच्या हाडाकडे उचलली जाते. खोकताना लघवी अडवायला हे उचललं जाणं फार महत्त्वाचं असतं. दाब मोजणारं उपकरण आवळणं दाखवतं, उचलणं दाखवत नाही. ते आपल्यालाच डोळ्यांनी आणि बोटाने पाहावं लागतं.

असं उपकरण पहिल्यांदा बनवलं ते लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी. ज्यांच्या नावाने आज हा व्यायाम ओळखला जातो, तेच हे. १९४८ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा हवेचा रबरी भाग आणि त्याला जोडलेला दाबमापक हा तिचा गाभा होता. नुसतं तोंडी सांगून बायकांना हे स्नायू सापडत नाहीत, म्हणून काटा हलताना त्यांना दिसला पाहिजे, हा त्यामागचा विचार. तो आजही खरा आहे. १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात ४७ बायकांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हे स्नायू आवळायला सांगितलं, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना ते नीट जमलं. आणि चौघींमागे एक जण असं काही करत होती की त्याने गळती वाढण्याचाच संभव. तेव्हा तुम्हाला जमत नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. शरीराचा हा भाग आपल्याला दिसत नाही आणि त्याबद्दल कोणी कधी शिकवलेलंही नसतं.

आधी आरसा आणि बोट

दाराला कडी लावा, लघवी करून या, पाठीला उशा लावून रेला, गुडघे दुमडून थोडे फाकवा आणि समोर हातातला आरसा धरा. योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा पाहायची, बाळंतपणात टाके घालतात तीच. आता चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जसं आवळून धरतो तसं गुदद्वार आवळा, आणि तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. बरोबर होत असेल तर गुदद्वार चुरगळल्यासारखं मिटतं, ती मधली जागा आत आणि वर ओढली जाते, योनीचं तोंड बंद होतं. सोडल्यावर सगळं हळूच मूळ जागी येतं. ती जागा बाहेर फुगत असेल, योनीचं तोंड उघडत असेल किंवा आतून काही खाली डोकावत असेल, तर ते कुंथणं आहे.

मग हात स्वच्छ धुऊन तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. घड्याळाची तबकडी समोर आहे असं धरलं, १२ म्हणजे जघनाचं हाड आणि ६ म्हणजे गुदद्वार, तर साधारण ४ आणि ८ च्या जागी हे स्नायू बोटाला लागतात. आवळल्यावर बोटाभोवती पकड बसायला हवी आणि बोट आत ओढलं जायला हवं. दोन्ही बाजू ताडून बघा. बाळंतपणात चिमटा लावला असेल किंवा मोठी इजा झाली असेल तर एका बाजूचा स्नायू हाडापासून सुटलेला असू शकतो. तिथे बोटाला पोकळ, सपाट लागतं. उपकरण दोन्ही बाजूंचा मिळून एकच आकडा देतं, त्यामुळे हा फरक त्यात कधीच दिसत नाही. असं काही जाणवलं तर घरी प्रयोग करत बसण्यापेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून किंवा पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा आतून तपासून घ्या.

लघवी करताना मधेच धार अडवून पाहणं हा खूप सांगितला जाणारा उपाय आहे. स्नायू ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी केलं तर चालेल. पण व्यायाम म्हणून रोज नको. मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

उपकरण बसवणं

वापरण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा, कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवा. डेटॉल, स्पिरिट, उकळतं पाणी यांतलं काही नको. इलेक्ट्रॉनिक भाग बिघडतो आणि नाजूक त्वचेची आग होते ती वेगळीच. जेल पाण्यावर आधारित घ्या, मटाराच्या दाण्याएवढं, टोकाला लावून. सिलिकॉनवर आधारित जेल सिलिकॉनच्याच उपकरणाचा पृष्ठभाग खराब करतं. खोबरेल तेल घरात हाताशी असतं, पण ते नीट धुऊन निघत नाही, आणि ज्या उपकरणावर कंडोम चढवावा लागतो तिथे तेलाने लॅटेक्स फाटतो. जेल जास्त झालं तर उपकरण सरकत राहतं आणि आकडे उगाच कमी येतात.

आत घालताना दिशा सरळ वर, पोटाकडे नाही; माकडहाडाकडे, तिरकी ठेवा. खोली बेताची हवी. स्नायूंची पकड योनीच्या तोंडापासून साधारण ३ ते ४ सेंटिमीटर आत असते. उपकरण त्याच्याही पलीकडे गेलं तर सेन्सर स्नायूंच्या वर पोकळीत बसतो आणि मुख्यतः पोटाचा दाब मोजतो. तुमच्या बाबतीत हीसुद्धा शक्यता आहे. बाहेर काढायची दोरी किंवा शेपटी पूर्ण बाहेर राहिली पाहिजे.

बसवल्यावर लगेच मोजायला लागू नका. हवा भरलेल्या उपकरणातली हवा शरीराच्या उष्णतेने तापते आणि तुम्ही काहीही न करता आकडा चढतो. दोन मिनिटं शांत पडा, चार-पाच श्वास पोटापर्यंत घ्या, मग अ‍ॅपमध्ये शून्य करा. रोज हे न चुकता केलं तरच कालचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवता येतो.

आकड्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. दाबाचे आकडे कुठे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात, कुठे पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. पाऱ्याचा १ मिलिमीटर म्हणजे पाण्याचे साधारण १.३६ सेंटिमीटर, म्हणजे ३० आणि ४१ हा एकच दाब असू शकतो. ईएमजी प्रकारची उपकरणं दाब मोजतच नाहीत. ती स्नायूची विद्युत हालचाल मायक्रोव्होल्टमध्ये दाखवतात, आणि मांड्या किंवा नितंब आवळले तर त्यांचीही हालचाल तुमच्या खात्यावर जमा करतात. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तर एकक नसतंच, कंपनीने ठरवलेले गुण असतात. म्हणून मैत्रिणीच्या आकड्याशी, दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी, किंवा उभ्याने आलेल्या आकड्याची झोपून आलेल्या आकड्याशी तुलना करू नका. उभं राहिल्यावर वरच्या अवयवांचा भार येतो आणि विसाव्याची रेघच वर जाते.

रेघ वाचायला शिका

अ‍ॅपमधले खेळ, तारे आणि गुण काही दिवस बाजूला ठेवा आणि साधा आलेख उघडा. एक हात बेंबीखाली ठेवा. श्वास हलकेच सोडत आवळा आणि एक ते पाच मोठ्याने मोजा. मोठ्याने मोजलं की श्वास रोखता येत नाही.

चांगल्या आकुंचनाची रेघ एका सेकंदात चढते, वर सपाट राहते आणि सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत मूळ जागी येते. रेघ पठारासारखी दिसली पाहिजे, सुळक्यासारखी नाही. सुळका उठून लगेच कोसळत असेल तर झटपट काम करणारे तंतू आहेत, पण धरून ठेवणारे दमलेत. रेघ चढताना थरथरत असेल तर स्नायू दमत आलाय, मोजणी तिथेच थांबवा. आकडा फार मोठा आला आणि त्याच क्षणी बेंबीखालचा हात वर ढकलला गेला, तर ते पोट आहे. मोठा आकडा आला आणि उपकरण बाहेर सरकलं, तर ते कुंथणं आहे. बरोबर आवळताना उपकरण आत ओढलं जातं किंवा जागच्या जागी धरलं जातं. ओटीपोटाच्या अगदी खालच्या भागात हलकासा ताण जाणवला तर तो चालतो. नितंब गादीवरून उचलले जात असतील, मांड्या एकमेकींकडे येत असतील, तर जोर निम्मा करा. पहिले दोन आठवडे १५ चा शुद्ध आकडा ४१ च्या भेसळीच्या आकड्यापेक्षा लाख मोलाचा. तुमचा आकडा आता खाली येईल. तो येऊ द्या.

सोडण्याकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं. आवळून झाल्यावर रेघ मूळ जागी येत नसेल, किंवा प्रत्येक आवळण्यानंतर विसाव्याची रेघ थोडी थोडी वर सरकत असेल, तर स्नायू सैल पडत नाहीये. सतत ताठलेला स्नायूही दुबळाच असतो, कारण खोकल्याच्या क्षणी आणखी आवळायला त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. त्यासोबत संबंधाच्या वेळी दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, शौचाला अडकल्यासारखं वाटणं असेल, तर बळकटीचा व्यायाम थांबवा. तेच उपकरण उलट कामाला लावा: बालासनात किंवा कुशीवर पडून पोटात श्वास घ्यायचा आणि श्वास आत जाताना रेघ खाली येतेय का ते पाहायचं. दुखत असेल तर उपकरण आत घालूच नका, आधी तपासून घ्या.

किती आणि किती वेळा

सुरुवात अ‍ॅपच्या ठरीव कार्यक्रमाने नाही, स्वतःच्या मोजमापाने करा. नीट आवळून रेघ किती सेकंद सपाट राहते ते पाहा. ती अर्ध्यावर घसरली की मोजणी संपली. मग तितकेच सेकंद, दुप्पट विश्रांती घेत, किती वेळा जमतं ते पाहा. समजा ४ सेकंद आणि ५ वेळा आलं. एक मिनिट थांबून एका सेकंदात आवळ-सोड अशी झटपट आकुंचनं मोजा. प्रत्येक वेळी रेघ पूर्ण खाली यायला हवी. समजा ७ झाली. आता तुमचा व्यायाम ठरला: ४ सेकंद धरून ५ वेळा, मधे ८ सेकंद विश्रांती, नंतर ७ झटपट. असं दिवसातून तीनदा. एका वेळेला पाच-सहा मिनिटांहून अधिक लागत नाहीत.

दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवा, एक तर सेकंद किंवा वेळा. ८ ते १० सेकंद, ८ ते १२ वेळा, तीनदा, इथपर्यंत पोहोचायला बहुतेकींना सहा ते आठ आठवडे लागतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचनं, आणि किमान तीन महिने देखरेखीखाली, असंच सांगतात. उपकरण मात्र तिन्ही वेळा नको. दिवसातून एकदा, आणि महिन्याभराने आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. बाकीच्या वेळा उपकरणाशिवाय करा, कारण बस पकडायला धावताना ते सोबत नसणार. उपकरणावर जे शिकलात ते त्याच्याशिवाय जमतंय का, हे तपासायची सोपी युक्ती अशी: स्क्रीन पालथा ठेवा, आवळा, मनात आकडा सांगा, मग पाहा. अंदाज आणि रेघ जुळायला लागली की उपकरण आपलं काम करून चुकलं असं समजा.

स्थितीही बदलत न्या. आधी पाठीवर, नंतर बसून, नंतर उभ्याने. उभ्याने उपकरण वापरता येतं का ते माहितीपत्रकात पाहून घ्या. वापरलंत तर पुन्हा शून्य करा. उभ्याने ४ सेकंद जमले तरी पुष्कळ. बळ कमी झालेलं नसतं, काम अवघड झालेलं असतं.

योगाचे वर्ग करणाऱ्या बऱ्याच जणी मूलबंध आणि अश्विनी मुद्रा करतात. दोन्ही याच स्नायूंच्या जवळच्या क्रिया आहेत. फरक इतकाच की मूलबंध पुष्कळदा श्वास रोखून शिकवतात, आपल्याला श्वास चालू हवा. आणि अश्विनी मुद्रेत भर गुदद्वारावर असतो, तिथून ओढ पुढे आणायला विसरायचं नाही.

खोकल्याच्या आधीचा एक सेकंद

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. ताकद वाढली तरी स्नायू खोकल्यानंतर आवळला गेला तर थेंब गेलेलाच असतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की खोकण्याच्या क्षणभर आधी मुद्दाम आवळायला शिकवलं, तर आठवडाभरातच खोकताना होणारी गळती कमी होते. आठवड्यात स्नायू काही पुष्ट होत नाही. म्हणजे फरक पडला तो वेळ साधल्यामुळे.

उपकरण लावून, खुर्चीत ताठ बसून याचा सराव करा. आवळा, रेघ समजा २० वर स्थिर झाली. धरून ठेवूनच हलकं खोका. रेघेवर खोकल्याचा उंच सुळका उठेल. तो सुळका पाहू नका, तो पोटाचा आहे. त्याच्या लगेच नंतर रेघ कुठे आहे ते पाहा. ती २० च्या आसपासच असेल तर स्नायूने तग धरला. थेट शून्यावर असेल तर खोकल्याच्या धक्क्याने पकड सुटली आणि थेंब त्याच क्षणी जातो. अशा वेळी खोकला आणखी हलका करा, घसा साफ करण्याइतका, आणि तिथून वाढवत न्या. पाच वेळा, रोज एकदा.

मग हे दिवसभराच्या कामांत उतरवा. शिंक येण्याआधी नाक हुळहुळतं, तेवढा वेळ पुरतो. भरलेली बादली किंवा गॅसचा सिलिंडर हलवताना, जमिनीवरून उठताना, बाळाला कडेवर घेताना आधी आवळा, श्वास सोडत उचला, मग सोडा. दोरीवरच्या उड्या सध्या थांबवा. उभ्याने ५ सेकंद धरून १० वेळा जमायला लागलं की दहा-दहा उड्यांनी परत सुरू करा. कुलपात किल्ली घालताना अचानक घाईची लघवी लागते, तशा वेळी धावू नका. उभं राहून पाच-सहा झटपट आकुंचनं करा, लाट ओसरू द्या, मग चालत जा.

उपकरणाच्याच कुरबुरी

मधेच संपर्क तुटत असेल तर उपकरण बिघडलंय असं लगेच धरू नका. शरीरातल्या पाण्यात ब्लूटूथची लहर शोषली जाते. फोन उशाशी नको, मांडीजवळ ठेवा; शेपटीत अँटेना असेल तर ती शरीराखाली दाबली जात नाही ना ते पाहा. काहीच न करता विसाव्याची रेघ एकसारखी खाली सरकत असेल तर हवा गळतेय. बाहेर काढून मुठीत दहा सेकंद स्थिर धरा. आकडा टिकला नाही तर नळी किंवा झडप तपासा. सिलिकॉनला चीर गेली असेल, चिकटपणा आला असेल तर वापर बंद. दुसऱ्या कोणाबरोबर वाटून वापरू नका, वापरलेलं विकत घेऊ नका.

बाजारात यासारखीच दिसणारी, सौम्य विजेचे झटके देऊन स्नायू आकुंचित करणारीही यंत्रं मिळतात. ती बायोफीडबॅक नव्हेत. स्वतःहून आवळणं अजिबातच जमत नसेल तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ती काही काळ सुचवतात. पेसमेकर किंवा गरोदरपण असेल तर ती वापरायची नाहीत.

आत बसवायचं कोणतंही उपकरण गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाळंतपणानंतर किंवा त्या भागाच्या शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे थांबा आणि तपासणी होऊन होकार मिळाल्यावरच सुरू करा. लघवीची जळजळ, पांढऱ्या पाण्याला वास किंवा खाज, कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी उपचार. पाळीत वापरायला हरकत नाही, पण टॅम्पॉन किंवा कप काढून ठेवा आणि त्या दिवसांचे आकडे हिशेबात धरू नका. पाळी जायच्या सुमारास कोरडेपणाने उपकरण टोचत असेल, तर स्थानिक इस्ट्रोजेनचं मलम आपल्याला चालेल का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

नवं उपकरण घ्यावं का

इथे स्पष्ट बोलायला हवं, कारण यात पैसे जातात. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. एका गटाला तज्ज्ञांनी शिकवलेला व्यायाम, दुसऱ्याला तोच व्यायाम आणि वर घरी वापरायचं ईएमजी बायोफीडबॅक. दोन वर्षांनी दोन्ही गटांत गळतीच्या तीव्रतेत फरक नव्हता. म्हणूनच नाइसही सगळ्यांना सरसकट बायोफीडबॅक द्या असं म्हणत नाही. व्यायामाबद्दल मात्र शंका नाही: खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीत, व्यायाम करणाऱ्यांमध्ये पूर्ण बरं वाटल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण काहीच न करणाऱ्यांच्या सुमारे आठपट असल्याचं, अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात आलं. ज्यांना स्नायू सापडतच नाहीत, आवळताना काही जाणवतच नाही, किंवा रेघ पाहिल्याशिवाय सातत्य राहत नाही, त्यांना उपकरणाचा आधार होतो. तुमच्याकडे आहे ते पुरेसं आहे. महागडं घेण्याऐवजी तो पैसा एका नीट तपासणीवर खर्च करा. आवळताना स्नायू उचलला जातो की ढकलला जातो, हे तिथे दोन मिनिटांत कळतं.

प्रगती अ‍ॅपवर मोजू नका, थेंबांवर मोजा. तीन दिवसांची नोंद ठेवा: किती वाजता लघवीला गेलात, कितीदा सुटली, कशामुळे, किती पॅड लागले. कोरडा पॅड स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पिशवीत घालून तोला, वापरलेला तसाच तोला. १ ग्रॅम वाढ म्हणजे साधारण १ मिलिलिटर. महिन्यातून एकदा दोन पेले पाणी पिऊन तासाभराने, टिश्यू पेपर घडी करून धरून, उभ्याने तीनदा जोरात खोका आणि ओल्या डागाभोवती पेनने रेघ मारून तारीख घाला. हे चार कागद अ‍ॅपच्या कोणत्याही आलेखापेक्षा खरं सांगतात.

सोबत बद्धकोष्ठतेचा बंदोबस्त करा. रोज सकाळी कुंथणं आणि दिवसातून तीनदा व्यायाम म्हणजे एका हाताने विणायचं आणि दुसऱ्याने उसवायचं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उत्तम, कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या. जुना खोकला असेल तर त्याचा उपचार आधी. वजन जास्त असेल तर त्यातलं ५ ते १० टक्के कमी झालं तरी गळतीवर परिणाम दिसतो. घाईची लघवी होत असेल तर चहा-कॉफीचे कप कमी करून पाहा. पाणी मात्र तोडू नका.

लघवीत रक्त, दिवसरात्र अखंड गळती, योनीतून काही बाहेर आल्यासारखं लागणं, लघवी पूर्ण न होणं, यासाठी बारा आठवडे थांबायचं नाही, लगेच दाखवा. लघवी एकाएकी बंद झाली किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. एरवी आजपासून बारा आठवडे धरा, पण मोजणी आरशात बरोबर आकुंचन दिसलं त्या दिवसापासून सुरू करा. मागचे दोन महिने त्यात धरू नका. बाराव्या आठवड्यातही तीन दिवसांच्या नोंदीत फरक दिसला नाही, तर ती नोंद आणि डागांचे कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. योनीत बसवायची, आतून आधार देणारी पेसरी, लघवीच्या नळीखाली पट्टीचा आधार देणारी स्लिंगची शस्त्रक्रिया असे पुढचे मार्ग आहेत, आणि त्यांतला कोणता तुमच्यासाठी, हे ठरवताना ते कागद तिथे उपयोगी पडतील.